वाट पाहणे

चौतीस वर्षे मुलांकडून संस्कृतातील रूपे घोकवून घेण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्यास शब्द दिसला की त्याचे मूळ उकरून पाहण्याची खोड जडते. ती सेवानिवृत्तीनंतरही सुटत नाही. मराठीत आपण 'वाट पाहणे' असे म्हणतो. ज्याची प्रतीक्षा करावयाची तो अद्यापि दृष्टीस नाही. दृष्टीस आहे ती केवळ त्याच्या येण्याची वाट, आणि तीच पाहत बसावयाचे! संस्कृतातील 'उत्कंठा' शब्दात मान उंचावणे आहे. दूरवर कोणी येते आहे काय हे पाहण्यासाठी मनुष्य टाचा उचलतो, मान ताणतो, ती उत्कंठा. 'संशय' हा 'शी' म्हणजे निजणे या धातूपासून झालेला. उत्कंठा उभी असते, संशय आडवा पडलेला असतो. आणि 'आशा' या शब्दाचे कोशात दोन अर्थ दिले आहेत. एक अपेक्षा आणि दुसरा दिशा. पंडित हे दोन निराळे शब्द मानतील, आणि त्यांचे खरेही असेल. पण ज्यास आशा आहे त्यास निदान तोंड कोणत्या दिशेस करून बसावे हे कळते, एवढे माझ्यासारख्या शाळामास्तरास पुरे वाटते.

हे तीनही शब्द मी वर्गात शेकडो वेळा फळ्यावर लिहिले असतील. ते एकाच मनुष्याच्या ठायी एकत्र नांदू शकतात, हे मात्र मला वयाच्या साठाव्या वर्षी, आमच्या गावातील छावणीतल्या एका लहानशा खोलीत समजले. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेख. ती आमच्या घरची आहे, आणि तीत माझी स्वतःची चूक आहे, म्हणून लिहावी की न लिहावी यात पुष्कळ दिवस गेले. परंतु असे एखादे मिटलेले दार पुष्कळांच्या घरात असते. तेव्हा वाचकांस ती अगदीच परकी वाटणार नाही असा भरवसा धरतो.

आमचा वाडा औरंगपुऱ्यात. माझ्या लहानपणी घरात लहानथोर मिळून तेरा माणसे होती. वडील वैदिक नव्हते, कचेरीत कारकून होते. पण सोवळेओवळे, सण, श्राद्धपक्ष सारे यथासांग चाले. वडिलांचे धाकटे बंधू, आमचे अण्णाकाका, शिक्षक होते. मी त्यांना बालपणी पाहिले नाही. माझ्या जन्मापूर्वी तीन वर्षे, म्हणजे १९५६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, अहमदनगर येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तसे पत्र घरी आले. वडिलांनी ते एकदा वाचले, घडी करून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवले, आणि आडावर जाऊन सचैल स्नान केले. मनुष्य मेल्यावर करावयाचे ते स्नान. त्यानंतर घरात त्यांचे नाव निघाले नाही.

आजी काही बोलली नाही. त्या काळच्या विधवा सासुरवाशिणीस बोलण्याची मुभा ती कितीशी! परंतु त्या रात्रीपासून तिने वाड्याच्या मागील दाराची कडी लावणे सोडून दिले. दार नुसते लोटून ठेवी. मी तिच्याजवळ माजघरात निजत असे, म्हणून हे मला ठाऊक. एकदा वडील चिडून म्हणाले, "आई, चोर येईल एखाद्या रात्री." आजी म्हणाली, "चोर आला तर भांडी जातील. कडी लावली तर काय जाईल ते तुला ठाऊक आहे." वडील गप्प राहिले. १९७१ साली आजी गेली, आणि तिच्या तेराव्या दिवशी वडिलांनी स्वतः जाऊन ती कडी लावली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. कडी गंजली होती. ती बसविण्यास त्यांना दगडाने ठोकावे लागले. तो आवाज अजून कानांत आहे.

येथे एक विसंगती सांगितली पाहिजे. आमच्या घरी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' होती. १९३४ पासून ती भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हाच आजोबांनी आणविली होती. दुपारी बायका एकत्र बसून ती वाचीत आणि हसून हसून डोळे पुशीत. नारायण वामन टिळकांची फुलांवरील आणि मुलांवरील कविता तर आम्हांस पाठ. ते कोकणातील करजगावचे, १८६१ सालचे; संस्कृताचे व्यासंगी, कीर्तनाची आवड असलेले. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती 'नवा करार' दिला. तो गृहस्थ कोण हे त्यांना पुढे कधीच कळले नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले; पुढली काही वर्षे नवऱ्यावाचून काढून, झगडून, रडून, शेवटी त्या त्यांच्याकडे परतल्या, आणि १९०० साली आपण होऊन त्या वाटेस लागल्या. हे सारे आम्ही एखाद्या घरगुती पुराणाप्रमाणे आवडीने वाचीत होतो. दुसऱ्याच्या घरी घडलेली गोष्ट साहित्य असते. तीच आपल्या घरी घडली म्हणजे आपण आडावर स्नानास जातो.

आणि या प्रांतास ही गोष्ट नवी तरी कोठे होती? आमच्यापासून पंधरा कोसांवर जालना. तेथे नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रींनी निजामशाहीत मिळालेल्या जमिनीवर 'बेथेल' नावाचे गाव वसविले. १८४३ साली मुंबईत ते ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा अल्पवयी भाऊ श्रीपत याच्यावरून कोर्टात तंटा गेला. मुलगा बापाच्या स्वाधीन झाला, पण त्याला पुन्हा पंगतीस घ्यावे की नाही यावरून सगळा ब्राह्मणसमाज ढवळून निघाला. बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाच्या शुद्धीची बाजू घेतली, म्हणून त्यांनाही स्वकीयांचा रोष सोसावा लागला. ज्या घरातील एक मनुष्य देवाच्या शोधात उंबरठा ओलांडतो, त्या घरात दोन्ही बाजूंनी वाट पाहणे सुरू होते. या दुसऱ्या बाजूचा हिशेब मात्र कोठे लिहिलेला नसतो.

आता माझी चूक. १९९४ साली वडील वारले. दहाव्या दिवशी टपालाने एक कार्ड आले. अक्षर वळणदार, मोडी लिहिणाऱ्या माणसाचे असते तसे. "दादा गेल्याचे समजले. येण्याचा अधिकार मला नाही असे मी मानतो. तू बोलावशील तर येईन." खाली सही आणि छावणीतील पत्ता. मी ते दोनदा वाचले आणि पंचांगात ठेवले. आज लिहू, उद्या लिहू, असे म्हणता म्हणता पंचांग बदलले. आमच्या घरापासून छावणी सायकलीने वीस मिनिटांची वाट. ती ओलांडण्यास मला चोवीस वर्षे लागली.

२०१७ साली मी सेवेतून मोकळा झालो. पुढल्या वर्षी दिवाळीपूर्वी जुनी पंचांगे रद्दीत देताना ते कार्ड खाली पडले. सौभाग्यवतीने उचलून वाचले, माझ्या हातात दिले आणि एवढेच म्हणाली, "जाऊन तरी या. नसतील तर निदान तसे कळेल."

ते होते. वय श्याऐंशी, काकू पूर्वीच गेलेल्या, मूलबाळ नाही. खाट, टेबल, पाण्याची चार भांडी, भिंतीवर साधा लाकडी क्रूस, आणि पुस्तकांचे एक कपाट. कपाटात पंडिता रमाबाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर होते, ज्ञानेश्वरी होती, आणि नारदाची भक्तिसूत्रेही होती. मी नाव सांगितले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "दादाचे कपाळ आहे तुझे. बस, बाळ." साठीच्या माणसास 'बाळ' म्हणणारे पृथ्वीवर तेवढे एकच मनुष्य उरले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

त्यानंतर मी दर दोन-तीन दिवसांनी जाऊ लागलो. बोलणे अर्थातच देवाकडे वळे. माझी समजूत अशी होती की ज्याने देवासाठी घर, जात, आई सोडली, त्यास देव निदान भेटला तरी असेल. एके दिवशी मी तसे विचारले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पहिली चार वर्षे भेटत होता," ते म्हणाले. "प्रार्थनेस बसलो की कोणी जवळ बसले आहे असे वाटे. मग ते गेले. काही पाप घडले म्हणावे तर तसे आठवत नाही. नुसते गेले; जसा एखाद्या घरातला आवाज थांबतो. तेव्हापासून वाट पाहतो आहे. अठ्ठावन्न वर्षे झाली."

मी स्तब्ध झालो. ही कबुली मला अपेक्षित नव्हती. मी थोड्या धिटाईने म्हणालो, "मग अण्णाकाका, दर रविवारी देवळात का जाता? कोणी नाहीच असे कधी वाटत नाही काय?"

"वाटते तर! पुष्कळ रात्री वाटते. पण हे वाटणे शास्त्राबाहेरचे नाही रे. स्तोत्रसंहिता उघडून पाहा. अर्धी स्तोत्रे देवाची स्तुती करतात, आणि उरलेल्यांत भक्त देवाशी भांडतो, 'किती काळ तोंड लपविणार' म्हणून विचारतो. बाप्तिस्मा करणारा योहान. ज्याने येशूस सर्वांच्या आधी ओळखले, तोच तुरुंगात पडल्यावर निरोप पाठवितो की, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? थोमाने तर जखमेत बोट घातल्यावाचून मानणार नाही असे सांगितले. या कोणालाही प्रभूने दाराबाहेर काढले नाही. मार्काच्या शुभवर्तमानात एका आजारी मुलाचा बाप आहे. तो एकाच श्वासात म्हणतो की मी विश्वास धरतो, आणि माझ्या अविश्वासाला तू साहाय्य कर. मी दररोज एवढीच प्रार्थना करतो. याहून लांब प्रार्थना मला आता साधत नाही."

मी शिकलेला वेदान्त पुढे केला. म्हटले, "आपल्याकडे जे नित्य प्राप्त आहे त्याची वाट कशाला पाहावयाची? आत्मा कोठून येणार आहे थोडाच! अज्ञान गेले की तो आहेच."

ते हसले. "ते खरे असेल. शंकराचार्यांशी वाद घालण्याची माझी योग्यता नाही. पण मग नारदाने भक्तीचे अकरा प्रकार सांगताना शेवटचा कोणता सांगितला?"

मी मास्तर, उत्तर देणे प्राप्त होते. "परमविरहासक्ती."

"गुणगान, पूजा, स्मरण, दास्य, सख्य, वात्सल्य, आत्मनिवेदन, तन्मयतादेखील आधी, आणि सर्वांच्या शेवटी विरह! तन्मयतेच्याही पुढे त्याने विरह ठेवला. ज्ञानोबांनी विरहिणी उगाच लिहिल्या नाहीत. मला हे ख्रिस्ती झाल्यावर समजले, आणि समजले ते आईने लहानपणी कानावर घातलेल्या शब्दांमुळे. टिळकसुद्धा म्हणत असत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो. आणि ते तरी तेथे पोहोचून स्वस्थ बसले काय? १९१७ साली, बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, मिशनचा पगार सोडून, जवळजवळ संन्यासी होऊन त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांनी गेले. 'ख्रिस्तायन' अर्धेमुर्धेही झाले नव्हते. ते लक्ष्मीबाईंनी म्हातारपणी पुढे नेले. ज्या बाईला नवऱ्याने कसेबसे लिहावाचावयास शिकविले, तिने!"

डिसेंबर लागला. ख्रिस्ती पंचांगात नाताळापूर्वीचे चार रविवार हा आगमनकाळ. २०१८ साली पहिला रविवार २ डिसेंबरला आला. त्या संध्याकाळी गेलो तो टेबलावर स्टीलच्या ताटलीत चार मेणबत्त्या उभ्या, एक पेटलेली. दर रविवारी एकेक अधिक लावावयाची. पहिली आशेची, दुसरी शांतीची, तिसरी आनंदाची, चौथी प्रीतीची, असा एक संकेत आहे. मला नवल वाटले. नाताळ म्हणजे रोषणाई आणि फराळ एवढेच मी जाणत होतो. त्याआधी महिनाभर नुसते वाट पाहण्याचे व्रत असते हे या वयापर्यंत माझ्या गावी नव्हते.

अण्णाकाकांनी मला शिमोनाची गोष्ट सांगितली. यरुशलेमेतील एक वृद्ध. मसीहाला पाहिल्यावाचून मरण येणार नाही असे वचन त्यास मिळालेले. आत्म्याच्या प्रेरणेने तो मंदिरात आला. अखेर एक गरीब जोडपे एक तान्हे मूल घेऊन आले, आणि म्हाताऱ्याने ते हातांत घेतले. तेथेच हन्ना नावाची एक विधवा होती. तीही वर्षानुवर्षे मंदिर सोडून गेली नव्हती. "यात मला काय आवडते सांगू?" काका म्हणाले. "त्या दिवशी मंदिरात शेकडो माणसे असतील. मूल सर्वांच्या डोळ्यांपुढून गेले. ज्या दोघांना वाट पाहण्याची सवय होती, त्यांनीच ओळखले. वाट पाहिल्याने देव लवकर येतो असे नव्हे. पण आला तर ओळखण्याची नजर तेवढी तयार राहते."

मी म्हणालो, "आपल्याकडे उलट झाले. नाथांच्या घरी देव बारा वर्षे राहिला आणि नाथांनी ओळखले नाही."

त्यांचे डोळे चमकले. ही गोष्ट आम्हां पैठणच्या शेजाऱ्यांस सांगावी लागत नाही. श्रीखंड्या नावाचा ब्राह्मण एकनाथांच्या घरी बारा वर्षे कावडीने पाणी वाहत होता. इकडे द्वारकेस एक भक्त कृष्णदर्शनासाठी तिष्ठत बसला होता. त्यास दृष्टान्त झाला की मी येथे नाही, पैठणास नाथांकडे आहे. तो धावत आला, चौकशी झाली, आणि श्रीखंड्या तोवर अदृश्य. अजूनही फाल्गुनात तुकाराम बीजेपासून नाथांच्या वाड्यातील रांजण पाण्याने भरू लागतात. शेकडो माणसे पाणी ओततात आणि रांजण भरत नाही; नाथषष्ठीच्या सुमारास कोणा एकाच्या घागरीने तो भरून वाहतो, आणि तोच भगवंत असे मानतात. तो कोण हे गर्दीत कोणास कळत नाही.

"या नाथांच्याच काळचे आमचे फादर स्टीफन्स," काका म्हणाले. "इंग्लंडातून १५७९ साली गोव्यास आले. नाथ १५९९ ला समाधिस्थ झाले. यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ ला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि मराठीवर प्रेम तर असे की आपण लाजावे! त्याचे दोन भाग आहेत. 'दुसरे पुराण' ख्रिस्ताचे. 'पैले पुराण' कशाचे? सृष्टीपासून ख्रिस्त येईपर्यंतच्या वाट पाहण्याचे. ज्या ग्रंथाला ख्रिस्ताचे नाव, त्याच्या पहिल्या पुराणभर ख्रिस्त अजून यावयाचा आहे! मी आजवर पहिल्याच पुराणात आहे, एवढेच."

एव्हाना नळाचा विषय निघाला. बाहेरगावच्या वाचकांस सांगितले पाहिजे की नाथसागरासारखा जलाशय पन्नास किलोमीटरवर असून आमच्या शहराने गेली कित्येक वर्षे नळाला पाणी दिवसाआड नव्हे, तर पुष्कळ दिवसांआड येताना पाहिले. कधी येईल ते ठरलेले नसे. रात्री तोटी उघडी ठेवून खाली रिकामी बादली ठेवावयाची; धार पडली की आवाजाने जाग येते. काका म्हणाले, "नळाखाली बादली ठेवणारा मनुष्य श्रद्धावान की संशयी? पाणी येईलच अशी खात्री असती तर तो निजला असता; येणारच नाही अशी खात्री असती तरीही निजलाच असता. तो मध्ये आहे, म्हणून बादली घासून ठेवतो. मी माझे भांडे घासून ठेवले आहे. धार पडणे माझ्या हाती नाही."

दुसऱ्या रविवारी त्यांना ताप आला. तिसऱ्या रविवारी, १६ तारखेस, ते उठून बसू शकत नव्हते. त्यांनी सांगितले म्हणून मी माझ्या हाताने तीन मेणबत्त्या लावल्या. गळ्यात जानवे असलेल्या माणसाने ते करावे यात मला काही वावगे वाटले नाही. दिवा लावणे आपल्याकडेही पुण्यकर्मच आहे. मेणबत्त्यांच्या उजेडात त्यांनी अकस्मात विचारले, "वाड्याचे मागले दार अजून आहे?"

"आहे. का?"

"त्रेसष्ट साली मी नगर सोडून येथे नोकरीस आलो. आई असेपर्यंत तीन वेळा मी रात्री त्या बोळात आलो होतो. दार नुसते लोटलेले असे. तिसऱ्या वेळी तर मी फळीवर हात ठेवला. आतून तिचे खोकणे ऐकू आले. मग परत फिरलो."

माझ्याने बोलवेना. "दार उघडे आहे हे दिसत होते ना?"

"दिसत होते. ते माझ्यासाठी उघडे आहे असा विश्वास बसेना. कोणी विसरले असेल असे वाटले. ती गेली तेव्हा मी स्मशानाच्या कुंपणाबाहेर उभा होतो."

मग मी त्यांना सर्व सांगितले. पहिल्या रात्रीपासून कडी न लावणे, वडिलांचे चोराचे बोलणे, आजीचे उत्तर, तेराव्याचा दगडाचा आवाज. त्यांनी आजीचे ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले. दुसऱ्यांदा म्हणताना माझाच कंठ दाटला. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पंधरा वर्षे?"

"पंधरा वर्षे."

"आणि मी म्हणत होतो, दार बंद आहे." एवढे बोलून त्यांनी डोळे मिटले. ते कोणत्या दाराविषयी बोलले हे मी विचारले नाही. आज वाटते, त्यांच्या मनात ती दोन दारे त्या घटकेस एक झाली असावीत. पण हा माझा तर्क. शाळामास्तरास प्रत्येक वाक्याचा अन्वय लावण्याची घाई असते, म्हणून तो येथेच सोडतो.

शुक्रवारी २१ तारखेच्या रात्री मी उशाशी होतो. दुसऱ्या दिवशी दत्तजयंती. शेजारच्या गल्लीत भजन चालू होते. मध्यरात्रीच्या सुमारास ते जागे झाले. "पाणी आले का रे?" मी म्हणालो, "अजून नाही." "तोटी उघडी आहे ना?" मी उठून पाहिले, उघडी होती. "आहे," म्हटले. त्यांनी मान हलविली. पहाटे केव्हा तरी श्वास थांबला. त्यांना शेवटी कोणी भेटले की नाही, मला ठाऊक नाही. चेहरा शांत होता. परंतु मेलेल्या माणसांचे चेहरे बहुधा शांतच असतात. तेव्हा त्यावरून मी काही सिद्ध करू इच्छित नाही. चौथी मेणबत्ती कोरीच राहिली.

मंडळीतील लोकांनी सर्व व्यवस्था केली. आप्त म्हणून पहिली मूठभर माती मला टाकावयास सांगितली. ती मी टाकली. घरी येऊन आडावर गेलो. आडास आता पाणी नाही. बादलीतल्या पाण्याने सचैल स्नान केले. बासष्ट वर्षांपूर्वी वडिलांनी जिवंत भावाच्या नावाने जे स्नान केले होते, ते त्या दिवशी जागेवर पडले. मी दहा दिवस सुतक पाळले. घरात थोडी कुरबुर झाली. धर्मांतर केलेल्याचे सुतक असते काय, असे एका नातलगाने विचारले. धर्मशास्त्राचा आधार मी शोधला नाही. सौभाग्यवतीने परस्पर उत्तर दिले, "काका होते ना? मग झाले."

वाचकहो, मी ख्रिस्ती झालो नाही, आणि तसे व्हावे अशी काकांनी कधी एका शब्दानेही सूचना केली नाही. माझी संध्या चालू आहे. फरक पडला तो एवढाच की पूर्वी अर्घ्य देताना मी मंत्र बिनचूक म्हणत असे आणि त्यातच समाधान मानीत असे. आता मधूनच थांबून कान देतो. बहुधा काही ऐकू येत नाही. पण न ऐकू येणे आणि कोणी नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मी एका तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्याकडून शिकलो. आणि दाराबाहेर उभा राहून परत फिरणारा जेवढा दुःखी असतो, तेवढीच आत जागी राहून खोकणारीही असते, हे त्याहून उशिरा शिकलो.

ते चोवीस वर्षांचे कार्ड मी आता देवघरात ठेवले आहे, वडिलांनी ते पहिले पत्र ज्या फळीवर ठेवले होते तेथेच. दर मार्गशीर्षात ते काढून वाचतो. उत्तर देण्याची वेळ टळली आहे, तरी वाचतो.

मागील दाराची ती कडी आम्ही काढून टाकलेली नाही. गाव मोठे झाले, चोऱ्याही होतात. सूनबाई रात्री ती लावते, आणि ते योग्यच आहे. फक्त डिसेंबरातील त्या चार रविवारी मी तिला सांगतो, "आज राहू दे." ती कारण विचारीत नाही. पुतणे, नातवंडे, कोणी दूर गेलेले, कोणी रुसलेले, कोणी आपण होऊन तुटलेले, असे आमच्याही घरात आज आहेतच; आणि घरोघरी असतील. त्यांतील एखादा बोळातून येऊन दारावर हात ठेवील, तर ते आपल्यासाठीच उघडे आहे हे त्यास कळावे, म्हणून आता मी त्या रात्री दाराबाहेर एक दिवाही ठेवतो. आजीला ते सुचले नव्हते. अंधारात लोटलेले दार आणि विसरलेले दार सारखेच दिसते.